भैरूचा चौविहार

केवलचंद शेठनी पहाटे भैरूला गोणपाटात गुंडाळून तापीकाठी मूठमाती दिली, घरी येऊन अंघोळ केली आणि दुकान न उघडता ओट्यावर बसून राहिले. भैरू म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. रात्री दारातच झोपेत गेला. एवढंच असतं तर माणूस रडून मोकळा झाला असता. पण शेठ चातुर्मासात चौविहार पाळत, म्हणजे दिवस मावळल्यावर अन्नपाणी बंद. आणि यंदा त्यांनी भैरूचीही रात्रीची पोळी बंद केली होती. "आमचा भैरूसुद्धा रात्री तोंडाला काही लावत नाही!" असं गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. "मुक्या जनावराला कशाला तुमचा धर्म?" असं बजावून प्रेमकुंवरबाई भावाकडे दोंडाईच्याला गेल्या, आणि पाठोपाठ हे झालं. आपणच त्याला उपाशी मारलं, हे शेठच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

आता दिवाळीच्या तोंडावर कापडाचं दुकान बंद राहणं ही साधी गोष्ट नव्हे. सख्खा काका वारला तेव्हाही शेठनी अर्धं शटर वर ठेवलं होतं. त्यामुळे पेठेनं ओळखायचं ते ओळखलं. प्रेमकुंवरबाई दिसत नाहीत, शेठचे डोळे सुजलेले. आणखी काय हवं? दुखवट्याच्या घरी 'कोण गेलं' असं विचारायची रीत नाही. जायचं, मान खाली घालायची आणि बसायचं. दुपारपर्यंत ओटा पांढऱ्या कपड्यांनी भरला. पेठेतली शटरं एकामागून एक खाली आली. चूल पेटली नसणार म्हणून शेजारच्या कुंदाबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या.

शेठना भरून आलं. एका कुत्र्यासाठी अख्खी पेठ बंद! माणसांना आपण उगीच नावं ठेवत होतो, असं त्यांना वाटलं.

"होणाऱ्याले कोन टाळनार, शेठ," भांडेवाला छगन म्हणाला.

"टाळता आलं असतं हो," शेठना हुंदका आवरेना. "मीच उपाशी ठेवलं. दिवस मावळला की घास द्यायचा नाही, हा माझाच हट्ट. रात्री दार खरवडल्याचा आवाज यायचा. मी कडी काढली नाही."

छगन हळूच मागे सरकला. "चौकीत कळवाले पाहिजे," तो कुजबुजला. "आधी माहेरी कळवू," म्हणून कुंदाबाईंनी दोंडाईच्याला फोन लावला. "भाऊ, काळीज घट्ट करा. तुमची बहीण..."

"अहो कुंदाबाई, मीच बोलते, प्रेमकुंवर. भाऊ अंघोळीला गेलाय. काय झालं?"

कुंदाबाईंनी अशी किंकाळी फोडली की फोन पिठल्यात पडला. भूत बोललं की माणूस, याचा उलगडा व्हायला थोडा वेळ गेला. मग सकाळपासून कुणीच न विचारलेला प्रश्न छगननं विचारला, "मंग गेलं कोन?"

"भैरू," शेठ म्हणाले.

पुढचं काय सांगावं? "कुत्र्यापायी धंदा बुडाला!" असं पुटपुटत एकेक जण उठला. शटरं धडाधड वर गेली. दुपारी आभाळाएवढी वाटलेली पेठ संध्याकाळी पुन्हा होती तेवढीच झाली. कुंदाबाई फोन पुसत निघून गेल्या, डबा तेवढा राहिला.

दिवस मावळला तरी ओट्याच्या टोकाला एक माणूस बसूनच होता. कोपऱ्यावरच्या मटण खानावळीचा बन्सीलाल. त्याच्या दारावरून जाताना शेठ नेहमी नाकाला रुमाल लावत.

"तुम्ही नाही गेलात? कुत्रा होता तो," शेठ कडवटपणे म्हणाले.

"माले माहीत शे, भाऊ. सकाळे तुम्हले गोणपाट लिसन नदीवर जाताना मी देखं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"माले कोनी इचारंच नही." बन्सीलाल चुळबुळला. "भाऊ, राग येवू देऊ नका. तो उपाशी नही मरना. रोज रातले मना दारशी ये. हाडकं खाये, रस्सा-भाकर खाये. काल रातलेबी उना व्हता."

शेठनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ओठ हलले, बहुधा नवकार मंत्र म्हणत असावेत. मग हात हळूहळू खाली आले.

"पोटभर?" त्यांनी विचारलं.

"पोटभर, भाऊ."

शेठनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि कुंदाबाईंचा डबा बन्सीलालपुढे सरकवला.

"घ्या. मला आता चालत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या दारातून कुणी उपाशी जायला नको."