भुंग्याचे टायर

महिन्याचे दोनच दिवस झाले होते आणि मस्टरमध्ये नानांच्या नावापुढे दोन लाल खुणा झाल्या होत्या. तिसरी झाली की पुढच्या महिन्यातली आठ दिवसांची रजा रद्द, हे नव्या साहेबांनी त्यांना समोर बसवून, पाणी पाजून सांगितलं होतं. रजा मुलीच्या बाळंतपणासाठी होती. घरी सासूबाई असल्याने दोघांनी एकदम जाणं जमणार नव्हतं, म्हणून पहिले आठ दिवस बाबा आणि मग आई, असं ठरलं होतं. "बाबा, तुम्ही आलात ना की मला धीर येईल," असं मुलगी फोनवर म्हणाली होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत नानांमुळे कोणाला धीर आल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं. ही संधी घालवून चालणार नव्हतं.

घरून आधी निघावं, तर तेही शक्य नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ डॉक्टरांनी सव्वानऊ ठरवून दिली होती, आणि जावयाच्या हाताशिवाय त्या डोळाच उघडत नसत. थेंब पडले की नऊ वीसला नाना सायकलवर बसत. सायकल मुलाने नोकरीच्या गावी जाताना मागे ठेवलेली, डोंगर चढायची. टायर जाडजूड, दातेरी, ट्रॅक्टरशी सोयरीक सांगणारे. ऑफिसच्या वाटेवर मात्र डोंगर एकही नव्हता. डांबरी रस्त्यावर ते टायर घूंऽऽ करत निम्मी ताकद गाण्यातच घालवत, आणि नाना ऑफिसात पोचत दहा वाजून पाच मिनिटांनी. चार वर्षांत कधी दहा चार नाही, कधी दहा सहा नाही. जुन्या साहेबांना पाच मिनिटं दिसत नसत. नव्या साहेबांची नजर चांगली होती.

"सायकलच बदला की मग," बायको म्हणाली.

"मुलाची आहे ती."

"मग टायर तरी बदला. टायरांत कसला आलाय मुलगा?"

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या उस्तादाने तीन जोड्या खाली काढल्या. पहिल्या जोडीची किंमत ऐकून नाना दुकानाच्या भिंतीच्या रंगाचं कौतुक करू लागले. दुसरी फार स्वस्त होती. नानांनी अंगठ्याने दाबून पाहिली, तर अंगठा आत गेला तो बराच वेळ तिथेच राहिला.

"ही किती टिकेल?"

"पायरी उतरेपर्यंत माझी गॅरंटी," उस्ताद म्हणाला. "ही तिसरी घ्या नाना. दीड इंची. मधे गुळगुळीत, कडेला पाणी जायला रेघा. तुमच्याच रिमवर बसते, फक्त ट्यूब बारीक लागेल. पहिलीच्या पाव किमतीत पळाल बघा."

"आवाज?"

"चिडीचूप." उस्तादाने जुन्या टायरवरून हात फिरवला. "पण आवाज लागतो का तुम्हाला? विचार करून सांगा."

"आवाज कोणाला लागतो हो?"

"नाही, आपलं विचारलं." त्याने जुने टायर भंगारात न टाकता समोरच्या खुंटीला अडकवले.

सोमवारी नाना अक्षरशः तरंगत गेले. सायकल पळतेय की रस्ताच मागे सरकतोय, ते कळेना. एका स्कूटरला त्यांनी मागे टाकलं आणि घाबरून तिची माफी मागितली. ऑफिसच्या फाटकात शिरले तेव्हा नऊ त्रेपन्न झाले होते. पहारेकरी पाठमोरा उभा राहून थर्मासमधून चहा ओतत होता. त्याला कशाला त्रास द्या, म्हणून नाना तसेच आत गेले आणि साहेबांच्या टेबलापुढे हात बांधून उभे राहिले. मस्टर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली साहेबांच्या खिशात असे.

साहेब रोज नऊ पन्नासला येत. दहा वाजले. सव्वादहा झाले. सगळं ऑफिस सहीसाठी नानांच्या मागे रांगेत उभं. दहा पंचवीसला साहेब घामाघूम होऊन आत आले, ड्रॉवर उघडला, आणि लाल पेन्सिल हातात घेतली.

"नियम म्हणजे नियम. दहानंतरची सही, लाल खूण."

"साहेब, मी नऊ त्रेपन्नलाच आलोय!"

"पुरावा?"

पहारेकऱ्याला वहीसकट बोलावण्यात आलं. त्याने बोट फिरवत वाचलं, "नाना, रोज दहा पाच... दहा पाच... आज नाही आले साहेब."

"अरे, हे काय तुझ्यासमोर उभे आहेत!"

"दिसतायत खरे," पहारेकरी अवघडून म्हणाला, "पण मी ऐकले नाहीत. मी भुंगा ऐकला की लिहितो."

"भुंगा?" नानांनी विचारलं. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला अचानक आपापल्या बुटांची लेस आठवली. चार वर्षं आपल्याला ऑफिसात काय म्हणतात, ते नानांना तेव्हा कळलं.

इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे नानांची बायको होती, आणि ती इतक्या मोठ्याने बोलत होती की साहेबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"साहेब, आमचे हे आलेत का हो? इथे घरात माणसं जमलीत! औषधवाल्या बाई गोळ्या घेऊन आल्यात, शिंपी दुकान टाकून आलाय. शाळेचा शिपाई तर हातात घंटेचा हातोडा घेऊन उभा आहे. म्हणतोय, भुंगा ऐकू आला नाही, नानांना काय झालं? त्याने साडेनऊची घंटाच दिली नाही म्हणे!"

"शाळेत घड्याळ नाही?"

"उन्हाळ्यापासून बंद आहे! आणि त्याचा मोबाइल मोठ्या बाईंच्या कपाटात असतो!"

साहेबांनी फोन हळूच खाली ठेवला. शाळेच्या कोपऱ्यावरच्या बसमध्ये ते स्वतः अर्धा तास बसून होते. ड्रायव्हर म्हणाला होता, घंटा झाली की निघायचं, असंच चालत आलंय.

"म्हणजे मला उशीर झाला तो तुमच्यामुळे," साहेब म्हणाले.

"मी लवकर आलो म्हणून, साहेब," नाना नम्रपणे म्हणाले.

मस्टरमधलं पहिलं नाव साहेबांचं होतं. लाल पेन्सिल त्या नावावर थोडा वेळ थबकली. मग ती खिशात गेली.

"आजची रेघ साडेदहाला," साहेब म्हणाले. "सह्या करा."

संध्याकाळी नाना घरी पोचले तर माणसं पुन्हा हजर. नानांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नव्हता.

"तुम्ही गेलात की मी शटर वर करते," औषधवाल्या बाई रागावून म्हणाल्या. "असं न सांगता गप्प व्हायचं का?"

"आमचे म्हातारे अंथरुणावर आहेत," शिंपी म्हणाला. "रोज म्हणतात, चला, नाना निघाले, आता माझी गोळी द्या. आज घेईनातच. म्हणाले, आधी नानांना बघून ये."

त्या रस्त्यावर आपल्याला कोणी ओळखत नाही, अशी नानांची चार वर्षांची समजूत होती. काहीतरी छान बोलावं असं त्यांना वाटलं. "मी बरा आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "फार बरा आहे."

त्याच संध्याकाळी ते सायकल घेऊन गेले, तर उस्तादाने खुंटीवरचा एक टायर आधीच खाली काढून ठेवला होता.

"मागे गुळगुळीत राहू द्या. वजन मागे असतं, तिथेच पळायला हवं. पुढे जुना दातेरी घालू. ऐकूही येईल. एका टायरचे पैसे परत घ्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी दुकान कशावर उघडतो असं वाटतं तुम्हाला?"

तेव्हापासून नाना नऊ अठ्ठावन्नला पोचू लागले. शाळा दीड मिनिट लवकर भरू लागली. त्याबद्दल मुलं सोडून कोणी तक्रार केली नाही. रजा मंजूर झाली.

मुलीला मुलगी झाली. बाबा शेजारी होते आणि तिला खरंच धीर आला, असं तिने स्वतः सांगितलं. रजेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नाना नातीला मांडीवर घेऊन बसले असताना बायकोचा फोन आला.

"इकडची काळजी करू नका हं. भुंगा वेळेवर जातोय रोज."

"सायकल कोण चालवतंय?"

"तुमचे साहेब. बस घंटेवर, घंटा भुंग्यावर, म्हणजे जबाबदारी माझीच, असं म्हणाले. नऊला येतात, आईच्या डोळ्यांत थेंब घालतात, आणि निघतात. आत्ताच गेले, दहा मिनिटं झाली."

"सासूबाई डोळा उघडतात?"

"दोन्ही. म्हणते, तुमच्यापेक्षा यांचा हात हलका आहे." मग बायकोने आवाज उतरवला. "फक्त सवय नाही हो त्यांना. दहा पाचला पोचतात. दोन लाल खुणा झाल्यात. विचारत होते, नाना एखादा दिवस आधी येतील का?"

"त्यांना सांग, मागच्या चाकात हवा कडक ठेवा," नाना म्हणाले. "मी पूर्ण रजा घेणार."

त्यांनी फोन ठेवला. मांडीवर नात गाढ झोपली होती, आणि झोपेत अगदी बारीक घूंऽऽ करत होती. नानांनी सवयीने घड्याळात पाहिलं.

बरोबर साडेनऊ.