चेण्याच्या चढावरची जीप

"सांगितलं तरी पटणार नाही, तेव्हा पटवून घ्यायचा त्रासही घेऊ नकोस," लवूअण्णांनी आधीच बजावलं. शेजारचा यतीन नुकतीच घेतलेली सेकंडहँड जीप दाखवायला आला होता आणि पुढे लोखंडी गार्ड कसा बसवणार ते हातवारे करून सांगत होता. शांती नगरातल्या त्या तळमजल्याच्या खिडकीबाहेर अण्णांची बायको, सुगंधाकाकू, एका लोखंडी चौकटीवर कापड अंथरून कुरडया वाळत घालत होत्या. चौकटीचा एक कोपरा वर वळलेला होता, म्हणून त्या बाजूची ओळ नेहमी घसरायची.

"आमच्या ऑफिसात एक काशीनाथ होता," अण्णा म्हणाले. "नव्वद सालची गोष्ट."

या काशीनाथच्या आईला मरायच्या आधी एकदा गावच्या देवीला जायचं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, देऊळ रत्नागिरीकडच्या डोंगरावर, शेवटचे दोन मैल नुसते दगड. "आई, तुला देवळाच्या दारात गाडीतून उतरवतो," असा शब्द काशीनाथने दिला आणि लिलावातली जीप घेतली. जीप चांगली होती. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती.

वाटेत गुरं आडवी येतील म्हणून पुढे गार्ड आला. भाईंदरच्या कारागिराने तो इतका भक्कम बनवला की जीपपर्यंत न्यायला चौघे लागले. दगडात चाक अडकलं तर गाडी ओढायला विंच हवी. ती उत्तनला मिळाली, बोटी वाळूवर ओढायची.

"जीपला जड नाही ना होणार?" काशीनाथने विचारलं.

"आख्खी बोट वढते ती," ती विकणारा नाथा कोळी म्हणाला. "तुजी जीप काय बोटीपेक्षा मोठी हाय?"

उत्तर बरोबर होतं, फक्त प्रश्न तो नव्हता.

मग टपावर लोखंडी अँगलचा कॅरियर चढला, घाईत एक कोपरा उलटा जोडलेला. त्यावर दोन स्टेपन्या, पाण्याचे चार कॅन. जीपने नाक खाली घातलं, म्हणून तोल साधायला मागे वाळूची तीन पोती टाकली. मेकॅनिक दशरथ गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"साहेब, पाटे सरळ झालेत."

"सरळ म्हणजे चांगलंच ना?"

"कमान असते ती. वाकलेली असते म्हणून गाडीला झेलते. आणि चाकाच्या पुढे टांगलेला किलो हा किलो राहत नाय, दीड होतो. खड्ड्यात गेला की तीन. हे सगळं उतरवा आणि आजींना बसवा."

"आणि चाक अडकलं तर?"

"एवढं लावल्यावर अडकणारच."

दशरथने ग्रीसचा हात कपाळाला लावला आणि निघून गेला. रविवारी सकाळी आई नवं लुगडं नेसून, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसली. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर जीपचं पोट टेकलं. आईला उतरवलं, जीप पलीकडे ढकलली, आईला बसवलं. नाक्यापर्यंत ती चार वेळा उतरली. काशीमिऱ्याला एक बेडूक रस्ता ओलांडत होता. जीपखालून वाट मिळेना, तेव्हा बिचारा वरून गेला.

"अण्णा," यतीन म्हणाला.

"पटणार नाही म्हटलं होतं ना."

चेण्याच्या चढावर साधा खड्डा आला आणि पुढचा मुख्य पाटा काडकन तुटला. विंचचा दोर झाडाला बांधला. जीप हलली नाही, झाडच वाकून बघायला लागलं. आई वाळूच्या पोत्यावर बसून होती. तेवढ्यात बोरिवलीहून ठाण्याला जाणारी एसटी आली आणि तिने हात दाखवला.

"आई, दशरथला निरोप धाडलाय. दोन तासांत निघू."

"हे सगळं माझ्यासाठीच लावलंस ना रे?"

"हो."

"मग मी जाते. तेवढंच वजन कमी." ठाण्याला गाडी बदलायचं तिने कंडक्टरला विचारून घेतलं आणि खिडकीतून डोकावली. "तू ये सावकाश. देवीला सांगते मी, निघालाय म्हणून."

दशरथ काही आला नाही. काशीनाथ तिथेच बसला. पहिल्या दिवशी सामान कोणी चोरून नेईल या भीतीने, दुसऱ्या दिवसापासून कोणी न्यावं या आशेने. कोणालाच ते उचलवलं नाही. चौथ्या दिवशी आई त्याच रस्त्याने परतली, एसटी थांबवून खाली उतरली आणि तिने त्याच्या हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"पुढच्या वर्षी नेलं का मग?" यतीनने विचारलं.

"म्हातारी पुढच्या वर्षापर्यंत कुठे थांबली." अण्णा मग चष्मा पुसत म्हणाले, "काशीनाथसारखा मूर्ख माणूस आमच्या ऑफिसात दुसरा झाला नाही."

खिडकीबाहेर सुगंधाकाकूंनी वळलेल्या कोपऱ्यावरून घसरलेल्या कुरडया पुन्हा वर सरकवल्या.

"काशीनाथभावजींना सायकलसुद्धा येत नव्हती," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तेव्हापासून या कॅरियरवर कुरडया मी घालतेय. आणि एसटीतून गेल्या त्या माझ्या सासूबाई."