बदली घर घ्यायचं नाही

तुमच्या इमारतीतल्या किती दारांची बेल तुम्ही आजवर वाजवली आहे? खरं सांगा.

निलजकर अण्णा चिठ्ठी काढून चहाला जातात. बसवनगुडीतल्या आमच्या इमारतीत बत्तीस घरं. अण्णांच्या स्टीलच्या डब्यात एकतीस चिठ्ठ्या. बत्तिसावं घर त्यांचं स्वतःचं. दर रविवारी चारला डबा हलवायचा, एक चिठ्ठी काढायची आणि निघेल त्या घरी जायचं.

अण्णा मूळचे बेळगावचे. मानसशास्त्रातल्या संशोधकांच्या प्रश्नावल्या घेऊन त्यांनी आयुष्यभर दारं वाजवली. नोकरी संपली, सवय राहिली. आंबेवाल्यानं वरच्या आंब्याची फोड चाखायला दिली की त्यांचं कानडी 'बरं' ठरलेलं, "सरी, आता तळातल्याची दे." हल्ली आंबेवाला त्यांना पाहून टोपली झाकतो.

सगळ्यांत कडक नियम बंद दाराचा. चिठ्ठीतलं घर उघडलं नाही तर बदली म्हणून शेजारी शिरायचं नाही, तिथून भज्यांचा वास आला तरी. पुढच्या रविवारी त्याच घरी पुन्हा. असं तीनदा. "उघडी दारंच मोजलीस तर सगळं गाव दार उघडं टाकून बसलंय असं वाटतं रे," ते सांगतात.

मी पत्रकं लिहितो. वाचायलाही पत्रकांवरच शिकलो. यंदा छापलं, 'या शहरात प्रत्येक तरुण एकटा आहे.' आधार काय, तर कोरमंगलातल्या पीजींमधले चाळीसजण. लिफ्टपाशी मोठ्या अभिमानानं अण्णांच्या हातात दिलं.

"सरी. विचारलंस कुणाला?"

"माझ्या चाळीस मित्रांना."

"चाळीस मित्र? मग एकटा कोण?"

लिफ्टमधली माणसं हसली. मी भडकलो. तुम्ही नुसते आकड्यांचे कारकून, तुम्हाला माणूस दिसतच नाही, असं सर्वांदेखत सुनावलं.

अण्णांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. ३०४, माझं घर. तीन रविवार, तीन सारख्या ओळी: 'दार उघडलं नाही. आत पंख्याचा आवाज.'

मी आत होतो. तिन्ही वेळा दाराच्या भिंगातून त्यांना पाहून श्वास रोखून उभा राहिलो होतो. ते गेल्यावर टेबलाशी बसून हेच एकटेपणाचं पत्रक पुढे लिहिलं होतं. आणि ते तिन्ही रविवार अण्णा कुणाकडेच चहा प्यायले नव्हते.

"पंखा चालू होता म्हणून काळजी वाटली रे," अण्णा म्हणाले. "बरा होतास ना?"



उरलेली पत्रकं मी वाटली नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर दोन ओळी लिहून इमारतीतल्या तीस दारांखालून सरकवतो आहे. तुम्हालाही तेच सांगतो. रविवारी चारला बेल वाजली तर उठा. दार उघडा.