घर पहिल्या नंबरावर

शुक्रवारी दुपारी बायकोने ताट उचलता उचलता नवऱ्याच्या संगणकात डोकावून पाहिलं आणि ती तिथेच थबकली.

"ही कसली यादी? एक, ऑफिस. दोन, घर?"

"कामाची आहे. तुला नाही कळायची."

"मी शाळेत गणित शिकवते. एकानंतर दोन येतात एवढं कळतं मला. बारा वर्षं संसार करून घर दोन नंबरला?"

"अगं, तो नुसता क्रम आहे."

"क्रमच तर आहे!" असं म्हणून ती आत गेली, आणि आतून भांड्यांचा जो आवाज आला त्यात पुढचा मजकूर स्पष्ट ऐकू येत होता.

नवरा शहाणा होता. त्याने 'घर' उचलून वर ठेवलं, 'ऑफिस' खाली ढकललं, बायकोला बोलावून दाखवलं आणि तिची कळी खुललेली पाहून तो दुखरी दाढ घेऊन दाताच्या डॉक्टरकडे निघाला. चालू प्रोग्रामात शुक्रवारी काडीचाही बदल करू नये, केलाच तर तपासल्याशिवाय जागा सोडू नये, असा त्या धंद्यातला दंडक आहे. त्याच्या ऑफिसातल्या भिंतीवर तो ठळक अक्षरांत लावलेला होता. लावणारा हाच.

आता ही यादी कसली होती ते सांगायला हवं.

प्रोग्राम लिहिणं हे या गृहस्थाचं पोटापाण्याचं साधन आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर मत देणं हा त्याचा धर्म. ऑफिसात त्याला सगळे मतपेटी म्हणत. घडी होणाऱ्या फोनची बातमी दात घासताना वाचावी आणि चूळ भरेपर्यंत मत तयार: 'घडी कपड्यांची घालावी.' बोलणाऱ्या फ्रिजबद्दल: 'घरात बोलणारे कमी आहेत का?' पण बातम्या रोज दहा येऊ लागल्या आणि माणूस पडला एकटा. शिवाय फोनवर ऑफिसच्या गटाखेरीज सासरच्या मंडळींचाही एक गट होता. तिथे मत नको असे, पण कुणी नवा पडदा लावला तरी 'वा, छान' लिहावं लागे; नाही लिहिलं तर जावईबापू रुसले का, म्हणून फोन येई.

यावर त्याने उपाय काढला. आपली जुनी तीनशे मतं शिकवून त्याने एक प्रोग्राम तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं शिष्य. शिष्य आलेला निरोप वाचून परस्पर उत्तर देई. त्याला दोन याद्या दिल्या होत्या. एक गटांची: ऑफिस, घर. दुसरी स्वभावांची: परखड, गोड. पहिल्या गटाला पहिला स्वभाव, दुसऱ्याला दुसरा. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. त्या काळात मतपेटीचं सर्वांत गाजलेलं मत म्हणजे, 'यंत्राकडून मत लिहून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं.' तेही शिष्यानेच लिहिलं होतं. पण चांगलं लिहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी घर वर गेलं, ऑफिस खाली आलं. स्वभाव मात्र जिथल्या तिथे राहिले.

दातांचा हा डॉक्टर मेहुणीने सुचवलेला. "हात फार हलका आहे हो भावजी त्याचा!" ती म्हणाली होती. मेहुणीला हाताचं वजन कसं ठाऊक, हा प्रश्न कुणालाही पडला असता. याला दाढेपुढे दुसरं काही सुचत नव्हतं. चार वाजता तो खुर्चीत आडवा झाला. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, अर्धा जबडा बधिर केला, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि दाढ उघडली. तेवढ्यात डॉक्टरचा फोन गुरगुरला. मग पुन्हा गुरगुरला. मग थांबेचना.

हातमोजा काढून त्याने फोन पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "चला, आता सांगायला हरकत नाही! तुमच्या मेहुणीचं आणि माझं ठरलंय. तिने आत्ताच घरी जाहीर केलं आणि मला तुमच्या गटात घेतलं."

याला खरोखर आनंद झाला. "आँऽऽ!" तो म्हणाला.

"असंच उघडं ठेवा. सासूबाई लिहितात, 'सोन्यासारखी बातमी.' सासरे लिहितात, 'बरं.' आणि हे तुमचं..." डॉक्टर वाचू लागला आणि हळूहळू त्याचा आवाज खाली आला. "'घाई करू नये. पहिल्या आवृत्तीत दोष असतातच. दुसरी आवृत्ती येईपर्यंत शहाण्याने थांबावं.'"



"दुसरी आवृत्ती म्हणजे... माझा धाकटा भाऊ?" डॉक्टर म्हणाला. "तो अजून शिकतोय."

"अं अं! ई आई!" हा म्हणाला. त्याला 'मी नाही' म्हणायचं होतं.

"आईंना विचारायचंय? त्यांचंच आलंय. 'जावईबापू, हे काय अभद्र बोलता?' आणि लगेच तुमचं उत्तर, 'मी स्पष्टच बोलतो. चकचकीत दिसलं की लोक भुलतात. जुनं नीट चालत असताना नव्याच्या मागे लागू नये.'" डॉक्टरने मान वर केली. "जुनं कोण?"

हाच प्रश्न त्याच क्षणी सासऱ्यांनाही पडला होता. सासरे दिवसाला चार शब्द वापरणारे गृहस्थ. त्यांनी एका दमात सात खर्च केले: 'जुना कोण? आधी कुणी होता का हिचा?' मेहुणीने लिहिलं, 'बाबा, कुणी नव्हतं! भावजी, काय चालवलंय तुम्ही?' त्यावर शिष्याने शांतपणे कळवलं, 'दावे मोठे असतात. बाहेरून देखणं, आत काय चाललंय कुणालाच ठाऊक नसतं. बॅटरी किती टिकते ते आधी पाहावं.'

"बॅटरी!" डॉक्टर म्हणाला. मग त्याची नजर पेशंटच्या हातांकडे गेली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट धरून होते आणि फोन दारापाशी खुंटीवरच्या कोटात होता. "अहो, पण तुम्ही तर इथे आहात. मग हे लिहितंय कोण?"

"इष्य! इष्य!" हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

"ईश्वर? तो कशाला असलं लिहील? कोटातला फोन हवाय का? छे छे, दाढ उघडी आहे. हलायचं नाही." एवढं म्हणून डॉक्टरने कामाला हात घातला. पण त्याचे खांदे हलत होते, आणि तो रडत नव्हता एवढं आडव्या माणसालाही समजलं.

पाऊण तासाने याने कोटातून फोन काढला तेव्हा घरच्या गटात सासऱ्यांचा शेवटचा निरोप पडला होता: 'सहा वाजता सगळे इथे. तोवर काही ठरलेलं नाही.' त्याखाली मेहुणीने काहीच लिहिलं नव्हतं, आणि ती गप्प बसली म्हणजे रडत असणार, हे त्याला बारा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने आधी शिष्याचा गळा आवळला. म्हणजे प्रोग्राम बंद केला. मग ऑफिसचा गट उघडला. मोठ्या मॅडमनी चार वाजता जाहीर केलं होतं की सोमवारपासून सगळं काम यंत्राकडून लिहून घ्यायचं. या कल्पनेला तो तीन महिने कडाडून विरोध करत होता. त्याच्या नावाने उत्तर गेलं होतं: 'वा! फारच छान! मन भरून आलं. तब्येतीला जपा.' खाली मॅडमचं उत्तर होतं: 'एवढ्या वर्षांत माझ्या तब्येतीची चौकशी करणारे तुम्ही पहिले. या कामाचे प्रमुख तुम्हीच.'

"चला," डॉक्टर म्हणाला. "मीही येतो. साक्षीदार लागेल तुम्हाला."

सहा वाजता सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत कोर्ट भरलं. सासूबाई भिंतीला टेकून, मेहुणी नाक लाल करून, बायको हाताची घडी घालून. आरोपीचा अर्धा जबडा अजून बधिर. तो उभा राहिला आणि जीव तोडून म्हणाला, "ए ई ओल्लो आई. इष्य ओल्ला."

"काय म्हणतात हे?" सासूबाईंनी विचारलं.

"ते म्हणतात, 'हे मी बोललो नाही, शिष्य बोलला,'" डॉक्टर म्हणाला. वाटेत सगळं दोनदा ऐकून घेतल्यामुळे त्याला ती भाषा आता कळू लागली होती. त्याने एकेका वाक्याचा अर्थ सांगत सगळी कहाणी लावली. याद्या, स्वभाव, वर गेलेलं घर. "आणि उत्तरं येत होती तेव्हा यांचे दोन्ही हात माझ्या समोर होते. ती मतं फोनबद्दलची आहेत हो. माझ्याबद्दलची नाहीत."

"म्हणजे जुना कुणी नाही?" सासरे.

"नाही हो बाबा!"

"आणि बॅटरी?"

"बत्तीस वर्षं चालली आहे," डॉक्टर अदबीने म्हणाला. "अजून तक्रार नाही."

सासरे हसले. ते याआधी कधी हसल्याचं मेहुणीला आठवत नव्हतं, त्यामुळे ती आणखी रडली. पण हे वेगळं.

सासूबाई मात्र अजून हिशोब जुळवत होत्या. "थांबा. मग गेली दोन वर्षं 'वा, छान, मन भरून आलं' म्हणायचं ते कोण?"

आरोपीने बधिर आणि शुद्धीतला, असे दोन्ही गाल खाली घातले.

"मला ठाऊक होतं," बायको म्हणाली. "मी केस कापल्याचा फोटो टाकला तेव्हा 'प्रवास सुखाचा होवो' असं उत्तर आलं. यादी दिसली तेव्हा म्हटलं, हा नाही तर नाही, यंत्र तरी घराला वर ठेवू दे."

"खरं सांगू का जावईबापू," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "बारा वर्षं तुम्ही इतकं गोड बोलता, मला वाटायचं, पोटात काहीतरी ठेवून आहात. आज वाईट बोललात तर पहिल्यांदा घरचे वाटलात. त्या शिष्याला म्हणावं, येत जा अधूनमधून."

तेवढ्यात याच्या गालाला मुंग्या आल्या, ओठ जागा झाला, जीभ वळली. त्याने मेहुणीकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्याकडे कुठलंही मत नव्हतं. नुसतं आत काहीतरी दाटलं होतं. तो उठला, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"वा. फारच छान. मन भरून आलं."

सासरे हळूच थोरल्या लेकीकडे झुकले.

"बंद केलंय ना गं त्याने ते?"