योन म्हाताऱ्याची निवृत्ती

रोमानियाहून आलेली कुठलीही रायफल माझ्यासमोर धरा. मी एक डोळा मिटतो, मान जरा खाली करतो आणि ती कधी बनली ते सांगून टाकतो! छाप-बिप बघायची गरज नाही. आमच्या मिलर्स फोर्कमध्ये माणसं नवी रायफल आधी मला दाखवतात आणि मग बायकोला. ओहायोच्या या कोपऱ्यात व्हर्जिल स्ट्राउडचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द!

सगळी मेख माशीत असते. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा उभा खुंटा, ज्यावरून नेम धरतात. ती नळीवर ताठ उभी हवी. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मी जी जी रोमानियन रायफल पाहिली, तिची माशी डावीकडे कललेली, चर्चमध्ये डुलकी लागलेल्या माणसासारखी! मग एका वर्षी अचानक सगळा माल सरळ. ते वर्ष माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या कुत्र्याने एका दुपारी माझी टोपी, चष्मा आणि रविवारचे बूट चावून टाकले होते. आणि आता, या वसंतापासून, पुन्हा सगळा माल वाकडा!

तुम्ही म्हणाल, जुन्या रायफली पुन्हा तपासून पाहिल्यास का? मुळीच नाही! नापास ती नापास. आणि पास केलेली पुन्हा तपासणं म्हणजे माझ्याच डोळ्याचा अपमान.

एवढा फरक पडतो तो एखाद्या कसलेल्या माणसामुळेच. तिकडे कारखान्यात नऊ वर्षांपूर्वी असा कोणी म्हातारा आला असणार आणि या वसंतात निवृत्त झाला असणार. मी त्याचं नाव ठेवलं योन. त्याला भरघोस मिशाही दिल्या. बघता बघता आमचा आख्खा नेमबाजी क्लब योनबद्दल बोलायला लागला.

"बिचारा आता काय करत असेल?" आमचा खजिनदार ह्युबर्ट कॉफी ढवळत म्हणाला.

"मधमाश्या पाळतो," मी सांगून टाकलं.

"तुला पत्र आलं वाटतं त्याचं?" माझी बायको नोरीन म्हणाली. तिला तज्ज्ञांची कदर नाही.

या वसंतापासून माझ्याही अंगात कसली तरी चुळबुळ शिरली होती. एका जागी बसवेना. घरात कुठेही बघा, काहीतरी तिरकं! मी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत फिरायचो आणि माझ्या पाठोपाठ नोरीन त्या पुन्हा पहिल्यासारख्या करायची.

"व्हर्जिल, माझ्या आईचा फोटो सोड!"

"ती कलली आहे!"

"ती कधीच कलली नाही. तुझ्याकडे तर नाहीच नाही!"

आणि त्यात शनिवार जवळ आला. दर शरद ऋतूत पलीकडच्या खोऱ्यातल्या शुगर रन क्लबाशी आमची नेमबाजीची स्पर्धा असते. हरणाऱ्यांनी ॲप्रन बांधून जिंकणाऱ्यांना जेवायला वाढायचं, ही रीत. सहा वर्षं आम्हीच वाढतोय! माझ्या ॲप्रनवर आता माझं नावसुद्धा भरलेलं आहे. यंदा सगळी भिस्त नोरीनच्या धाकट्या भावावर, मर्लवर होती. मागच्या वर्षी तो एका गोळीने हरला आणि महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. या उन्हाळ्यात त्याने नवी रोमानियन रायफल घेतली आणि रोज संध्याकाळी सराव केला. यंदा हरलो तर क्लब सोडीन, असं त्याने चारचौघांत जाहीर केलं होतं.

गुरुवारी तो माझ्या गॅरेजमध्ये आला. "सहज नजर टाक रे. बाकी उत्तम चाललंय. काल डब्यामागून डबा पाडला."

मी डोळा मिटला. मान खाली केली. मग रायफल हळूच खाली ठेवली.

"मर्ल, बस जरा."

"का? काय झालं?"

"माशी डावीकडे आहे. चांगलीच. योन गेल्यानंतरचा माल!"

"पण डबे पडतायत ना!"

"डबे काय, ते वाऱ्यानेही पडतात! शनिवारी ओपल केचमच्या शेजारी उभा राहणार आहेस. तिथे नशीब चालायचं नाही."

ओपल केचम म्हणजे शुगर रनची कप्तान. सत्तरी ओलांडलेली, पण चॉकलेट चघळत चघळत सहा वर्षं आमचा फडशा पाडते आहे. तिचं नाव काढताच मर्लचा चेहरा पांढरा पडला.

"सरळ करता येईल?"

"हे मला विचारतोस?"

नळी टेबलावरच्या वाईसच्या लोखंडी जबड्यात आवळली, लाकडी हातोडा घेतला आणि माशीला उजवीकडे एक ठोका दिला. बघितलं. अजून डावीकडे! आणखी एक. अजून जराशी! मर्ल प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होता, जणू मी त्याचाच दात काढतोय. शेवटी माशी अशी ताठ उभी राहिली की मला योनची आठवण आली.

"आता डबा काय, डब्यावरची माशीसुद्धा पाडशील!" मी म्हणालो. "मात्र शनिवारपर्यंत हात लावू नकोस. बसू दे तिला." हे मी का म्हणालो, देव जाणे. तज्ज्ञाने शेवटी काहीतरी सांगायचं असतं.

शनिवारी शुगर रनच्या मैदानावर माझा पाय एका जागी ठरेना. दात कोरायच्या काड्या चावून चावून भुगा केला. मर्लने नेम धरला. काय शांत होता हो! एकेक गोळी सावकाश, श्वास रोखून. सगळ्या संपवून तो वळला आणि माझ्याकडे बघून हसला.

पंचाने दुर्बिणीला डोळा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.

"मर्ल, तुझा निशाणाचा कागद कोरा आहे!"

"काय?"

"आणि ओपलबाईंच्या कागदावर गोळ्या जास्त झाल्यात. झकास मारल्यात हं, सगळ्या एका जागी! पण कागद त्यांचा आहे."

डावीकडचा कागद! मर्लने त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर नेमबाजी शेजारणीच्या कागदावर केली होती. नियम साफ होता, शेजारच्या कागदावर मारणारा बाद. सातव्या वर्षीही ॲप्रन आमचेच!

ओपलबाई चॉकलेट चघळत आल्या. मर्लची रायफल डोळ्याशी धरली. "अरे देवा! ही माशी उजवीकडे कोणी ठोकली? मग गोळी डावीकडेच जाणार!"

"ठोकली नाही, सरळ केली!" मी उसळलो. "वाकडी तुमची आहे! दाखवा इकडे." मी त्यांची रायफल हिसकावली आणि मान खाली केली. "हे बघा! सरळसरळ डावीकडे. यंदाचा माल, योन गेल्यानंतरचा!"

"सहा वर्षं झाली हिला घेऊन," ओपलबाई म्हणाल्या. "तुम्हीच पास केली होती. आणि हा योन कोण?"

कोणी हसलं. माझं डोकं तापलं. "तुमच्या खोऱ्यातलं सगळंच वाकडं! तो झेंड्याचा खांब बघा, तोही डावीकडे! चर्चचा कळससुद्धा!"

सगळ्यांनी आधी खांबाकडे पाहिलं, मग कळसाकडे. मग माझ्याकडे. तेवढ्यात नोरीन पुढे आली, माझ्या नाकावरचा चष्मा उचलला आणि टेबलावर ठेवला. त्याची एक काडी टेबलाला टेकली. दुसरी हवेत, खांबाशी उभ्या राहिलेल्या कुत्र्याच्या पायासारखी!

"काचेच्या मधोमध ही आडवी रेघ आहे ना, वाचायच्या भागाची?" ती म्हणाली. "तू सगळं जग हिच्याशी ताडून बघतोस. फ्रेम वाकडी, रेघ वाकडी, म्हणून जग वाकडं! माझी आईसुद्धा!"

"पण जुना माल? नऊ वर्षांपूर्वीचा?"

"तेव्हाच्या चष्म्याची काडी तू चिकटपट्टीने जोडली होतीस. तो कुत्र्याने खाल्ला, देव त्याचं भलं करो, आणि मी तुला हा घेऊन दिला."

"मग या वसंतात..."

"या वसंतात तू ट्रकमध्ये बसलास तेव्हा हा सीटवर होता. मी ओरडले, तू म्हणालास काही झालं नाही. योन निवृत्त झाला नाही, व्हर्जिल. तू त्याच्यावर बसलास!"

शुगर रनवाले जमिनीवर लोळायचे बाकी होते. मर्ल मात्र ॲप्रन आणायला वळला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ॲप्रन बांधून आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो. मी बीन्स वाढत होतो, तो मक्याचा पाव.

ओपलबाईंनी ताट पुढे केलं. "काय नेम आहे रे पोरा तुझा! माझा कागद इतका देखणा आजवर कोणी भोकसला नव्हता. क्लब सोडू नकोस हं, पुढच्या वर्षी तुझ्याच कागदावर मार."

मर्लच्या ओठांवर हसू आलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हर्जिल, बीन्स कलंडतायत. की तेही सरळच आहेत?"

आता नवा चष्मा आला आहे. मी सगळ्यांच्या रायफली पुन्हा तपासल्या. जुन्या, मधल्या, यंदाच्या, सगळ्या ताठ! दोन्ही खोऱ्यांत मिळून वाकड्या माशीची रोमानियन रायफल एकच सापडली. आणि तिचं काम रोमानियात नाही, माझ्या गॅरेजमध्ये झालेलं आहे.