बर्फावरचा प्रबंध

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने लिहिण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु भर मे महिन्यात, जळगावात, स्वेटर आणि माकडटोपी घालून बर्फाच्या कारखान्यात बसलेला मनुष्य ज्याने पाहिला, त्याला गप्प राहणे कठीण जाते.

हे आमचे शेजारी सुपडूनाना. भुसावळच्या रेल्वे तारऑफिसातून निवृत्त झालेले. पत्नी निवर्तल्यापासून एकटेच असतात. पंखा लावण्यापूर्वी ते त्याला "कसा शे भाऊ?" असे विचारतात. मिक्सरला अक्का म्हणतात. यंत्र बिघडले, असे त्यांच्यापुढे उच्चारण्याची सोय नाही. "मशीन मरत नही, सर. रुसस!"

पन्नाशी उलटल्यावर मी खानदेशातील गावांच्या नावांवर प्रबंध लिहायला घेतला. दोंडाईच्यापासून एरंडोलपर्यंत वृद्धांच्या ओट्यांवर बसून जमवलेले आणि त्यावरून लिहिलेले सारे अध्याय संगणकाला बाहेरून जोडायच्या एका हार्ड डिस्कवर होते, दुसरी प्रत नव्हती. धुळ्याच्या मार्गदर्शकांना ते दाखवून परतताना एसटीच्या फळीवरून ती डिस्क खाली आदळली. घरी जोडून पाहिली, तर आतून नुसतेच टकटक! महिनाअखेर प्रबंध सादर करायचा होता. संगणकाच्या दुकानदाराने तिला हातसुद्धा न लावता सांगितले, "सर, विसरा आता."

नानांनी डिस्क कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"सर, हिले ताप शे. गार जागा पाहिजे."

मे महिन्यात आमच्याकडे माठातले पाणीही कोमट असते. नानांनी स्वतःचा संगणक गोधडीत गुंडाळून हातगाडीवर घातला आणि थेट रशीदभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात नेला. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लाद्यांमध्ये ठेवली. तिची वायर दाराच्या फटीतून उंबऱ्यावरच्या संगणकाला जोडली.

"नाना, ये फॅक्टरी है या दवाखाना?" रशीदभाईंनी विचारले.

"दवाखाना. तू कंपाउंडर. दार लाव!"

नाना आत पिशवीवर हात ठेवून बसले. "ऊठ वं माय. सरनं बठ्ठं काम तुन्हाजवळ शे."

टकटक मंदावत गेली, थांबली, आणि पडद्यावर माझ्या अध्यायांची नावे एकेक करून उमटू लागली. मी नकळत हात जोडले. ते नानांना जोडले की बर्फाला, हे मला आजही सांगता येणार नाही.

"आता तुम्ही निघा," नानांनी आतून फर्मावले. "पेशंटजवळ नातेवाईक नको."

त्या संध्याकाळी ते पहिला अध्याय फ्लॉपीवर घेऊन आमच्याकडे आले. "आज एवढंच बोलली. दमली बिचारी." चहा झाला. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा अध्याय आला. तिसऱ्याच्या वेळी आमच्या हिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला, तेव्हा नाना चक्क तार पाठवण्याची कडकट्ट पाटावर बोटांनी वाजवून दाखवू लागले. पुढे तर ते येण्याआधीच त्यांचे पान मांडले जाई. "नाना, डिस्कला म्हणावं, सावकाश बोल. घाई नाही," ही म्हणायची. तिकडे धुळ्याहून मार्गदर्शकांचे फोनवर फोन येत होते.

काल बाजारात रशीदभाई भेटले. नानांना रोज जागा दिल्याबद्दल मी आभार मानू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले.

"रोज? नाना तो एकच दिन आये थे, सर. घंटेभर में सब निकाल लिया. डिस्क तो वहींच खतम हो गई."

काल संध्याकाळी नाना रिकाम्या हातांनी आले. उपसंहाराचा अध्याय तेवढा उरला आहे. "उद्या नक्की," एवढे बोलून ते बराच वेळ ताटातल्या भाकरीकडे पाहत बसले. मी त्यांच्या पानात आणखी ठेचा वाढला.

महिना संपत आला आहे. वाचकहो, तो अध्याय मी त्यांच्याकडे मागू का?