देवभाताला कुंपण

जोहे गावच्या तळ्यात देवभात उगवतं, ही खबर सरकारला लागली आणि देवभाताचे दिवस भरले.

तोवर त्याची कुणी दखल घेत नव्हतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून न नांगरता उगवणारं हे रानटी भात बायकांना लागायचं, एवढंच. त्याचा दाणा पिकला की पाण्यात गळतो. म्हणून तळ्याकाठची धोंडुबाई आश्विनात कमरेएवढ्या पाण्यात उतरून हिरव्या लोंब्यांना गाठी मारी, म्हणजे दाणा गाठीतच अडकून राही. अर्ध्या बांधायच्या, अर्ध्या तळ्याला सोडायच्या, हा सासूपासूनचा शिरस्ता.

दोन वर्षं तिचं भाताचं शेत करपा रोगाने जळत होतं. बांधापलीकडच्या देवभाताच्या पानावर मात्र डाग नव्हता. हे तिने पेणच्या वन्य भात संवर्धन कक्षातल्या ऋत्विक साहेबांना दाखवलं, आणि इथेच तिची चूक झाली. तपासणीचा अहवाल आला: देवभात करप्याला दाद देत नाही. किलोभर पिकलेलं बी मिळालं, तर त्याच्या संकरातून करपा न लागणारं वाण निघेल.

"मंग सायेब, माज्या शेताला ते बी कवा मिलंल?"

"आधी संवर्धन, आजी. मग बी."

संवर्धन म्हणून तळ्याला कुंपण पडलं. पंचनाम्यात नोंद झाली, 'अज्ञात इसमाने लोंब्यांना गाठी मारून छेडछाड केली आहे.' अज्ञात इसम समोरच उभी होती.

"गाठी मीच मारल्या. नायतर दाना पान्यात जातो."

"वन्य वनस्पती वन्यच राहिली पाहिजे," साहेब म्हणाले. बायकांना बंदी झाली, मागोमाग म्हशींना.

म्हशी चरायच्या थांबल्या तसा लव्हाळा माजला आणि देवभात गुदमरायला लागलं. तातडीने निविदा निघाली: 'तळ्यातील गवत काढणे.' शास्त्राप्रमाणे देवभात हेही गवतच. ठेकेदाराने जेसीबी घातला आणि काम चोख केलं. धोंडुबाई आडवी पडली म्हणून कोपऱ्यातला हातभर पट्टा वाचला. तिच्यावर सरकारी कामात अडथळ्याचा ठपका आला, पट्ट्याला 'गाभा क्षेत्र' हे नाव मिळालं.

गाभा क्षेत्रात साठ लोंब्या होत्या. किलोभर नाही, पण सुरुवातीपुरतं बी निघालं असतं. पिकायला आठवडा होता.

"ह्यांना तरी गाठी मारू द्या, सायेब. पाया परते."

"प्रस्ताव वर पाठवलाय."

प्रस्ताव वरच राहिला. रविवारी 'देवभात वाचवा' उत्सव भरला. हमरापूरच्या गणपती कारखान्यातून दहा फुटी प्लास्टरची लोंबी सोनेरी रंगवून आली. रोह्यापासून पनवेलपर्यंतचे निसर्गप्रेमी गाड्या घेऊन आले. धोंडुबाईला आत प्रवेश नव्हता, ती फाटकाबाहेर उभी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक लोंबी होती.

"आवो, बियान्याची हाय ती! ठेवा!" तिला रडूच फुटलं.

"आजी, एकच तर घेतली," एक बाई समजुतीने म्हणाल्या. "आठवण म्हणून."

साठ पाहुण्यांनी एकेकच घेतली. कुणी हावरटपणा केला नाही.

एकसष्टावे पाहुणे, वाचकहो, आपण होतात. आपल्या वाट्याला लोंबी उरली नव्हती. म्हणून अभिप्रायाच्या वहीत आपण सुंदर अक्षरात लिहिलंत, "इथल्या गावकऱ्यांनी सगळं ओरबाडून खाल्लं. या लोकांना निसर्गाची किंमत कधी कळणार?"